माकुलीसाठी हलका रॉड घेताना वजन, लांबी आणि टोक यांपैकी नेमके काय पाहावे?

खाडीकाठ, ऐरोली

नमस्कार. मी ऐरोलीला राहतो आणि निवृत्तीनंतर गरवण्याचा छंद नियमाने जोपासतो आहे. आतापर्यंत उरणच्या बाजूला शिंगाळा आणि क्वचित जिताडा एवढ्यापुरतेच माझे गरवणे होते, आणि त्यासाठी माझ्याकडे काचतंतूचा दहा फुटी, भक्कम रॉड आहे. येत्या हिवाळ्यात मात्र अलिबाग तालुक्याच्या किनाऱ्यावर, मांडवा ते रेवदंडा या पट्ट्यात, कृत्रिम कोळंबी म्हणजेच एगी वापरून माकूल (स्क्विड) गरवण्याची माझी मनापासून इच्छा आहे. एगी सतत झटके देऊन खेळवावी लागते, आणि माझा उजवा खांदा आखडलेला असल्यामुळे जुन्या रॉडने ते जमणार नाही, हे उघड आहे.

विक्रेत्यांच्या पानांवर रॉडचे वजन ठळकपणे दिलेले असते. ८५ ग्रॅमपासून १४० ग्रॅमपर्यंतचे रॉड मला दिसले आणि वजन जसजसे कमी होते, तसतशी किंमत चढत जाते. तीस-चाळीस ग्रॅमच्या फरकासाठी दुप्पट पैसे मोजणे योग्य ठरेल का? लांबी किती असावी? भरीव टोकाचा रॉड घ्यावा की पोकळ टोकाचा? मी बहुधा उरण लोकलने जाऊन करंजा ते रेवस लाँचने पलीकडे उतरेन, त्यामुळे दोन तुकड्यांचा रॉड सोयीचा पडेल की चार-पाच तुकड्यांचा, याविषयीही अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. रॉड आणि रीळ मिळून दहा-बारा हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची माझी तयारी आहे.

सागरसोबती, बेलापूर

काका, नमस्कार. आपला प्रश्न वजनापासून सुरू होतो, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. पानावर छापलेले वजन हे नुसत्या रॉडचे असते आणि आपला हात मात्र रॉड, रीळ, दोरा आणि एगी हे सगळे एकत्र पेलत असतो. ९५ ग्रॅमचा आणि १३० ग्रॅमचा रॉड यांत ३५ ग्रॅमचा फरक आहे, तर २०० ग्रॅमचे आणि ३०० ग्रॅमचे रीळ यांत पूर्ण १०० ग्रॅमचा. त्यातही हे वजन मुठीपासून किती दूर आहे यावर खांद्याचा त्रास ठरतो, कारण टोकाकडचे दहा ग्रॅम मनगटाला जेवढे जाणवतात तेवढे मुठीखालचे पन्नास ग्रॅमही जाणवत नाहीत. म्हणून दुकानात जाताना आपले रीळ सोबत न्यावे, ते रॉडला बसवावे आणि रिळाच्या पायाच्या किंचित पुढे रॉडखाली एक बोट धरून पाहावे. रॉड तिथेच किंवा त्याच्या थोडा पुढे तोलला गेला, तर तो हातात हलका वाटेल; टोक लगेच खाली झुकले, तर कागदावर तो कितीही हलका असला तरी तासाभरात आपला खांदा भरून येईल. या एका कसोटीत उतरलेला ११० ग्रॅमचा रॉड मी ८५ ग्रॅमच्या, पण टोकाकडे झुकणाऱ्या रॉडपेक्षा निःशंकपणे वरचा मानतो.

आता तो कोणत्या ताकदीचा असावा, हे आपल्या किनाऱ्यावरच्या माकुलीवरून ठरवले पाहिजे. परदेशी चित्रफितींमध्ये जी रुंद परांची मोठी माकूल दिसते, तिच्यासाठी साडेतीन क्रमांकाची, सुमारे २० ग्रॅमची एगी वापरतात आणि तिथले रॉडही त्या मापाने बनवलेले असतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर प्रामुख्याने मिळणारी भारतीय माकूल लहान असते. तिच्या धडाची लांबी जास्तीत जास्त ३० सेंटीमीटरच्या आसपास जाते आणि नेहमीचा आकार १५ सेंटीमीटरपर्यंतचाच असतो. अशा माकुलीला अडीच क्रमांकाची, सुमारे १० ग्रॅमची, किंवा तीन क्रमांकाची, सुमारे १५ ग्रॅमची एगी योग्य ठरते. साडेतीनसाठी बनवलेला ताठ रॉड १० ग्रॅमच्या एगीने पुरेसा वाकतच नाही, फेक आखूड पडते, आणि ती लांबवण्यासाठी माणूस नकळत खांद्याचा जोर लावू लागतो. आपल्याला नेमके तेच टाळायचे आहे. म्हणून रॉडवर ‘एमएल’ (मीडियम लाइट, म्हणजे मध्यम-हलक्या ताकदीचा) असे लिहिलेले असावे आणि एगीची मर्यादा दोन ते साडेतीन क्रमांक किंवा साधारण ७ ते २० ग्रॅम अशी दिलेली असावी. ‘एल’ (लाइट, म्हणजे हलक्या) ताकदीचा रॉड अडीच क्रमांकाला आणखी मऊपणे खेळवतो, परंतु पाण्याला ओढ असताना एगीच्या नाकावर शिशाचे वजन चढवावे लागले की तो अपुरा पडतो.

लांबी ७ फूट १० इंच ते ८ फूट ३ इंच ठेवावी. कातळावर उभे राहिल्यावर दोरा दगडांपासून वर ठेवण्यासाठी एवढी लांबी लागते, आणि त्याहून लांब रॉड दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात हाताला ओढ देऊ लागतो. हिवाळ्यात सकाळी मतलई वारा पाठीमागून येत असतो आणि किनाऱ्यालगतचे पाणीही तुलनेने शांत असते, तेव्हा आपल्यासारख्यांनी सकाळच निवडावी, म्हणजे कमी जोरात लांब फेक मिळते.

साहित्याविषयी दुमत नाही: रॉड कार्बनचाच हवा. काचतंतूचा रॉड पार मुळापर्यंत वाकतो आणि आपण दिलेला झटका स्वतःच गिळून टाकतो, त्यामुळे एगी जागची उसळत नाही. एगीचे सगळे काम दोन-तीन झटक्यांनी वर उसळण्यात आणि नंतर ताणलेल्या दोऱ्यावर सावकाश खाली बसण्यात आहे, आणि माकूल बहुतेक वेळा ती खाली बसत असतानाच पकडते. त्या क्षणी टोक अगदी किंचित दबते, किंवा ताणलेला दोरा अचानक सैल पडतो. हे कळण्यासाठी न ताणणारा, विणलेला दोरा हवा. तंगूस ताणतो, म्हणून मुख्य दोरा ०.६ किंवा ०.८ क्रमांकाचा विणलेला घ्यावा आणि पुढे दीडएक मीटर फ्लुरोकार्बनचा दोरा बांधावा.

चेंदणी कोळीवाडा, ठाणे

काका, रॉडविषयी वर फार नेमके लिहिले गेले आहे. मी पाण्याविषयी लिहिते, कारण कोणत्या पाण्यात उभे राहायचे यावरही रॉड ठरतो. माकूल डोळ्यांनी शिकार करते आणि तिला खारे, निवळ पाणी लागते. आपली ठाण्याची खाडी गाळाची आहे, त्यात पावसाचे आणि नाल्यांचे गोडे पाणी मिसळते, म्हणून इथे माकुलीसाठी एगी टाकत बसण्यात अर्थ नाही. शिवाय ऐरोलीच्या बाजूच्या खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला, तेव्हा नवा रॉड हाताला बसवून घेण्याच्या सरावासाठीसुद्धा तिथे गळ टाकू नये.

अलिबागच्या पट्ट्यातही पाणी वर्षभर सारखे नसते. पावसाचा गढूळपणा ओसरून दिवाळीनंतर पाणी निवळू लागते, आणि त्यातही उधाणाच्या दिवसांत तळाचा गाळ पुन्हा वर येतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास आपल्याकडे भरती-ओहोटीत चार मीटरपेक्षाही अधिक फरक पडतो आणि पाण्याला एवढी ओढ असते की १० ग्रॅमची एगी तळाशी पोहोचण्याआधीच वाहून जाते. त्यासाठी जड एगी आणि जड रॉड घेण्यापेक्षा अष्टमीच्या आसपासचे भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे, दिवस धरावेत. पाणी मंद असते, निवळ असते, हलक्या रॉडला झेपते आणि आपल्या खांद्यालाही. भरती संपून पाणी उभे राहते तेव्हाचा आणि ते फिरू लागते तेव्हाचा वेळ हातचा दवडू नये.

आणखी एक सांगावेसे वाटते. आपल्या बाजारात दिसणारी बहुतेक माकूल ट्रॉलरच्या जाळ्यात, खोल पाण्यातून आलेली असते. किनाऱ्यावरून ती मिळते, पण रोज मिळेल अशा अपेक्षेने जाऊ नये. जमल्यास पुढे कधीतरी देवगड-मालवणच्या बाजूला जावे, तिथले पाणी आपल्यापेक्षा पुष्कळ स्वच्छ आहे आणि हाच रॉड तिथेही उपयोगी पडेल.

रॉडदुरुस्ती, नौपाडा

माझ्याकडे मोडलेले रॉड दुरुस्तीला येतात, त्या अनुभवावरून टोकाविषयी आणि तुकड्यांविषयी लिहितो. भरीव टोक मऊ असते, हळुवार दाब चांगला दाखवते आणि लाँचमधून किंवा होडीतून एगी जवळजवळ स्थिर धरायची असेल, तर ते उत्तम. किनाऱ्यावरून झटके देऊन गरवताना मात्र पोकळ टोक अधिक चपळ ठरते. झटका संपताच ते सरळ होते आणि दोरा टोकाच्या कडीभोवती गुंडाळला जाण्याचे प्रमाणही कमी राहते. आपल्या वापरासाठी मी पोकळ टोकच सुचवेन.

हलका कार्बन रॉड मासा ओढताना सहसा मोडत नाही, तो मोडतो उचलताना. जेट्टी उंच असते, ओहोटीला पाणी खूप खाली गेलेले असते, आणि माणूस रॉड आकाशाकडे उभा धरून माकूल वर घेऊ पाहतो. तेव्हा सगळा भार टोकाच्या वीतभर भागावर येतो. लांब दांड्याचे हातजाळे सोबत ठेवावे. वर घेण्यापूर्वी माकुलीला पाण्यातच शाई सोडू द्यावी, म्हणजे कपडे आणि जेट्टी दोन्ही स्वच्छ राहतात.

विकत घेताना कड्या जरूर तपासाव्यात. कापसाचा छोटा बोळा प्रत्येक कडीच्या आतून गोल फिरवावा. आतल्या चिनीमातीसारख्या वर्तुळाला केसाएवढी चीर असली तरी कापसाचे तंतू तिथे अडकून राहतात, आणि ०.६ क्रमांकाचा विणलेला दोरा तशा चिरेवर फार काळ टिकत नाही. मग रॉड जोडून मुठीकडून टोकाकडे एका डोळ्याने पाहावे, सर्व कड्या एका रेषेत दिसल्या पाहिजेत.

दोन तुकड्यांचा आठ फुटी रॉड बंद केल्यावर सव्वा मीटरच्या आसपास राहतो. सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये तो सांभाळणे कठीण जाते आणि दारात एखाद्याच्या खांद्याला लागण्याची भीती असते. चार तुकड्यांचा रॉड सुमारे ६५ सेंटीमीटरच्या नळीत मावतो. सांधे वाढल्यामुळे त्याचे वजन थोडे वाढते, पण चांगल्या बनावटीच्या रॉडमध्ये झटक्याच्या चपळाईत फार फरक पडत नाही. आपला प्रवास पाहता मी चार तुकड्यांचाच घेईन. सांध्यांना मेण लावावे, तेल लावू नये, आणि अधूनमधून सांधा सैल तर झाला नाही ना, हे हाताने चाचपून पाहावे. घरी आल्यावर संपूर्ण रॉड गोड्या पाण्याने धुऊन, सुटे तुकडे सावलीत वाळवावेत.

कार्बनमधून वीज वाहते, ही गोष्ट फार थोडे जण लक्षात ठेवतात. परतीच्या पावसात किंवा मे महिन्याच्या अखेरीस ढगांचा गडगडाट ऐकू येताच रॉड आडवा ठेवून आडोसा गाठावा, आणि वाटेत वीजतारांखालून जाताना जोडलेला रॉड उभा धरून चालू नये.

खाडीकाठ, ऐरोली

आपणा सर्वांचा अत्यंत आभारी आहे. चार तुकड्यांचा, ८ फुटांच्या आसपासचा, ‘एमएल’ ताकदीचा आणि पोकळ टोकाचा रॉड पाहायला या शनिवारी जाणार आहे. भांगाचे दिवस धरण्याची सूचना तर मला फारच मोलाची वाटली, कारण मी आतापर्यंत उधाणाचेच पाणी शोधत असे आणि शिंगाळ्यासाठी ते योग्यही होते. आता दोनच शंका उरल्या आहेत. माझ्याकडे ४००० आकाराचे रीळ आहे, ते या रॉडला चालेल का? आणि याच रॉडवर चुकून एखादा जिताडा लागला, तर रॉडला धोका आहे का?

सागरसोबती, बेलापूर

काका, ४००० आकाराचे रीळ या रॉडला बसेल, पण ते बहुधा २८० ग्रॅमच्या पुढचे असेल आणि वजन कमी करण्याचा आपला मूळ हेतू तिथेच निम्मा वाया जाईल. २५०० किंवा हलक्या बांधणीचे ३००० रीळ घ्यावे. पैसे वाटून लावायचे झाल्यास रॉड मध्यम किमतीचा घ्यावा आणि उरलेली रक्कम २२० ग्रॅमच्या आतल्या, ड्रॅग (ताण वाढल्यावर दोरा सोडणारा रिळाचा ब्रेक) हळुवारपणे सोडणाऱ्या रिळावर खर्च करावी. उथळ चकरीचे रीळ मिळाले तर उत्तम. न मिळाल्यास आधी खाली थोडा तंगूस गुंडाळून त्यावर १५० मीटर विणलेला दोरा भरावा, म्हणजे चकरी काठापर्यंत भरते आणि दोरा फेकताना अडखळत नाही.

ड्रॅग अशी ठेवावी की आपण जोरात झटका दिल्यावर दोरा ‘चर्र’ असा अगदी थोडा सुटावा. एगीच्या काट्यांना उलटे दात नसतात आणि माकुलीचे बाहू नाजूक असतात, त्यामुळे घट्ट ड्रॅगवर बाहू तुटून ती निसटते, आणि दोरा क्षणभर जरी सैल पडला तरीही ती काट्यांवरून सुटते. रॉड वाकलेला ठेवून सावकाश, एकसारखे रीळ फिरवत राहावे. जिताडा लागला तर याच हलक्या ड्रॅगवर त्याला हवे तेवढे धावू द्यावे. मोठा असेल तर तो दगडात शिरून पुढचा दोरा तोडेल किंवा एगीचे पातळ काटे सरळ करून जाईल. रॉडला धोका नाही, फक्त त्याला रोखण्यासाठी चकरी हाताने दाबू नये.

शनिवारी दुकानात जाताना जुने रीळ अवश्य न्यावे. ते बसवून आणि मग हलके रीळ बसवून, दोन्ही वेळा रॉड बोटावर तोलून पाहावा, आणि शक्य असल्यास दुकानाबाहेरच्या मोकळ्या जागेत, वर वीजतारा नाहीत याची खात्री करून, झटके देण्याची हालचाल पाचेक मिनिटे सलग करून पाहावी. खांदा दुखू लागला, तर दुकानदाराने कितीही आग्रह केला तरी तो रॉड घेऊ नये.