मदत हवी आहे : पुरात मोबाईल बंद पडल्यावर बचाव पथकांसाठी स्वतंत्र वायरलेस ब्रॉडबँड कसं उभं करायचं?

सावित्रीकाठ

नमस्कार मंडळी. मी महाडजवळ राहते, आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि आमचा २५-३० जणांचा एक स्थानिक बचाव गट आहे त्यात काम करते. यंदा पावसाळ्याआधी तालुक्याच्या बैठकीत एक आराखडा द्यायचाय, तो माझ्या गळ्यात पडलाय आणि खरं सांगायचं तर मला तो मनापासून करायचाय, म्हणून इथे विचारतेय.

आधी कशासाठी ते सांगते. २२ जुलै २०२१ ला आम्ही सातजण एका शाळेच्या वरच्या मजल्यावर होतो, खाली छातीएवढं पाणी. मोबाईलवर दोन काड्या दिसत होत्या पण कॉल लागेना, मेसेजपुढे नुसतं ते घड्याळ. समोरच्या इमारतीत १४ माणसं अडकलेली, त्यात एक डायलिसिसवाले आजोबा. शेवटी १४ जणांची नावं वहीच्या कागदावर बॉलपेनने लिहून, कागद दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून एका पट्टीच्या पोहणाऱ्या पोराकडे दिला. कागद होडीवाल्यांपर्यंत पोचला तेव्हा पिशवीत पाणी शिरलेलं, दोन नावं पुसली गेली होती आणि आजोबांचं नाव नेमकं त्या दोनांत. ते दुसऱ्या दिवशी सुखरूप निघाले, पण ती रात्र आमच्यातलं कोणी विसरलेलं नाही. त्याच संध्याकाळी आमच्याच तालुक्यात तळियेची दरड आली, ८० हून जास्त माणसं गेली, आणि पथकं तिथे पोचली ती दुसऱ्या दिवशी.

आता मुद्दा. पोलिसांचे वायरलेस सेट वेगळे, बाहेरून येणाऱ्या पथकांचे वेगळे, आमच्याकडे फक्त मोबाईल. आवाज कसाबसा जाईलही, पण यादी, फोटो, नकाशा, कुठल्या घराच्या छपरावर माणसं आहेत त्याचा ड्रोनचा व्हिडिओ, हे कसं पाठवायचं? माझ्या डोक्यात असं आहे की चार ठिकाणं (नियंत्रण कक्ष, ग्रामीण रुग्णालय, पुलाचं टोक आणि निवाऱ्याची शाळा) आमच्या सड्यावरून (डोंगरावरचं कातळाचं पठार) वायरलेसने जोडायची. सड्यापासून सगळ्यात लांबचं ठिकाण ८ किलोमीटर. प्रश्न असे,

स्पेक्ट्रम (रेडिओ लहरींचा पट्टा) कुठलं मिळेल आणि कोणाकडून? स्वतःचा छोटा फोरजी टॉवर ठेवता येतो का? सड्यावर वीज नाही, ७२ तास कसं चालवायचं? आणि गर्दीत आमच्या लोकांचा कॉल आधी जावा अशी काही सोय भारतात आहे का? सहा कॅमेरे लाइव्ह दिसावेत अशी बैठकीत मागणी आहे, ते जमेल का तेही सांगा.

जुनाखांब

ताई, ३१ वर्षं टेलिकॉममध्ये काढली, आता निवृत्त. तुमच्या काड्यांपासून सुरू करतो, कारण सगळा आराखडा त्यावरच उभा राहतो. तुम्हाला काड्या दिसत होत्या म्हणजे टॉवर जिवंत होता, तुटली होती बहुधा त्याच्या मागची फायबर. आपल्याकडे फायबर नदी ओलांडते ती पुलाला क्लॅम्प मारलेल्या पाइपातून. पाणी पुलावरून गेलं की वाहून आलेलं झाड त्या पाइपावर बसतं आणि संपलं. कागदावर दोन मार्ग दाखवतात, जाऊन बघाल तर दोन्ही त्याच पुलावरून गेलेले. त्यानंतर काही तासांनी टॉवरची बॅटरी उतरते, जनरेटरला डिझेल लागतं आणि रस्ता बंद. म्हणजे आधी लाइन जाते, मग वीज, स्पेक्ट्रमचा प्रश्न त्याच्याही नंतरचा. म्हणून आराखड्यात पहिली ओळ ही लिहा की बाहेरचं इंटरनेट गेलेलं असताना तुमची चार ठिकाणं एकमेकांशी बोलली पाहिजेत. याद्या, नकाशे, पुश-टू-टॉकचा (बटण दाबून बोलायच्या सोयीचा) सर्व्हर, सगळं तालुक्यातच एका छोट्या कॉम्प्युटरवर. क्लाउडवर ठेवलंत तर समोरासमोरच्या दोन इमारतीसुद्धा बोलणार नाहीत.

स्पेक्ट्रमचं असं आहे. ट्रायने (दूरसंचार नियामकाने) २०१८ साली शिफारस केली होती की देशभरात पोलीस, अग्निशमन, आपत्ती पथकं यांच्यासाठी एलटीईवरचं, म्हणजे फोरजीच्याच तंत्रावरचं, एकच ब्रॉडबँड जाळं असावं आणि त्याला ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात १०-१० मेगाहर्ट्झची जोडी राखून द्यावी. ते काम केंद्राच्या पातळीवरचं, तालुक्याच्या अर्जाने मिळणारं नाही. आणि स्वतःचा फोरजी टॉवर विनापरवाना लावू नका, हे कळकळीने सांगतो. तो सरळ गुन्हा आहे, शिवाय तुमच्या सिग्नलमुळे शेजारच्या चालू टॉवरला त्रास झाला तर कोणाचा तरी १०८ चा कॉल अडेल.

तुमच्या हातात आहे ते ५ गिगाहर्ट्झ. २०१८ पासून तो पट्टा बराच मोठा लायसन्समुक्त आहे, पॉवरची मर्यादा पाळा आणि मंजुरी असलेलीच उपकरणं घ्या. डिश अँटेना लावून ८ किलोमीटर आरामात जातं, आणि या फ्रिक्वेन्सीला पावसाचा त्रास जवळपास नाही, तो १० गिगाहर्ट्झच्या वर गेलात की जाणवायला लागतो. मात्र नजरेची रेष मोकळी हवी, आणि नुसती रेष नाही, ८ किलोमीटरला मधोमध रेषेभोवती साधारण १० मीटर त्रिज्येची जागा लागते. त्यातली निदान ६ मीटर तरी मोकळी ठेवा.

व्हीयू_खाडीवाला

मी हॅम, म्हणजे परवाना असलेला हौशी रेडिओवाला आहे, खाडीपलीकडचा. काकांचं सगळं बरोबर, फक्त एक भर. वायफाय हातातल्या मोबाईलला उघड्यावर फार तर १००-१५० मीटर पुरतं, म्हणजे चार ठिकाणांच्या आसपासच. होडीतल्या माणसाला ते मिळणार नाही. त्याच्या हातात व्हीएचएफचा सेटच (साधा वॉकीटॉकी) द्या, रीतसर परवान्याचा, आणि तो आवाज नियंत्रण कक्षात गेटवे (दोन्ही जोडणारं यंत्र) लावून पुश-टू-टॉकला जोडा. ब्रॉडबँड आलं म्हणून आवाजाचं साधं साधन काढून टाकायचं नाही, कारण सड्यावरचा खांब पडला तरी सेट टू सेट बोलता येतं. गटातल्या दोघातिघांनी हॅमची परीक्षा द्या, आम्ही शिकवायला येऊ. आणि सॅटेलाइट फोन कोणी बाहेरगावाहून आणून देतो म्हणालं तर परवानगीशिवाय घेऊ नका, आपल्याकडे बेकायदा आहे.

कॅलिफोर्नियाचीवहिनी

सावित्रीकाठ ताई, माझं माहेर पोलादपूरचं, इथे नेटवर्किंगमध्ये काम करते. तुझ्या प्राधान्याच्या प्रश्नावर इथला एक प्रसंग सांगते कारण तो सगळ्या आराखडा करणाऱ्यांनी वाचायला हवा. २०१८ च्या उन्हाळ्यात उत्तर कॅलिफोर्नियात मेंडोसिनोचा मोठा वणवा पेटला होता, तेव्हा सांता क्लारा काउंटीच्या अग्निशमन दलाची एक समन्वयाची गाडी तिथे होती, त्या गाडीतलं इंटरनेट साध्या अनलिमिटेड प्लॅनवर. डेटाची मर्यादा ओलांडली आणि कंपनीने ऐन आगीत स्पीड इतका पाडला की गाडीचं काम ठप्प झालं, जवानांना स्वतःचे मोबाईल वापरावे लागले. टॉवर चालू होता, फायबर शाबूत होती, आडवा आला तो करार. त्यामुळे पुरासाठी जी काही सिमकार्डं घ्याल त्यांच्या कागदावर स्पीड कमी करणार नाही हे लिहून घ्या.

अमेरिकेने ११ सप्टेंबर २००१ नंतर हा धडा घेतला. न्यूयॉर्कमध्ये पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून दिसत होतं की मनोऱ्याची अवस्था वाईट आहे, पण तो इशारा आतल्या अग्निशमन जवानांपर्यंत गेला नाही, दोघांचे रेडिओ वेगळे. तरी कायदा व्हायला २०१२ उजाडलं. ७०० मेगाहर्ट्झमध्ये २० मेगाहर्ट्झ राखून फर्स्टनेट हे बचाव दलांसाठीचं जाळं स्थापन केलं आणि २०१७ ला एटी अँड टीला २५ वर्षांचं काम दिलं. त्यात जवानाचा कॉल नुसता पुढे जात नाही, गरज पडली तर सामान्य ग्राहकाला बाजूला सारून जागा करून देतात. दक्षिण कोरियाने २०१४ च्या सेवोल बोट दुर्घटनेनंतर तसंच स्वतंत्र एलटीई उभं केलं. ब्रिटनचं मात्र अजून रखडलंय, जुना टेट्राच (मुख्यतः आवाजासाठीचं डिजिटल रेडिओ जाळं) चालू आहे. सांगायचं काय, की देशांनासुद्धा याला दहा-दहा वर्षं लागतात, तेव्हा तू त्याची वाट बघू नकोस, काका म्हणतात तसं लहान सुरू कर.

सावित्रीकाठ

काका, वहिनी, खाडीवाले दादा, तुमचे उपकार कसे फेडू. काल रात्री सगळं परत मांडलं, चुकलं असेल तर सांगा. सड्यावर दोन रेडिओ, राउटर आणि छोटा कॉम्प्युटर मिळून ४० वॅट. ७२ तासांचे झाले २८८० वॅट-तास. १५० एएचची साधी ट्युब्युलर बॅटरी अर्धीच वापरायची म्हटलं तर एकीत ९०० वॅट-तास, म्हणजे चार लागणार, आणि एकेक ५० किलोच्या वर, पायवाटेने चढवायची. म्हणून १०० एएचच्या तीन लिथियम फॉस्फेट धरल्यात, एकेक १२-१३ किलोची आहे, पोरं पाठीवर नेतील. जुलैत ऊन नसतं म्हणून सोलर फक्त एरवी भरून ठेवायला. सहा कॅमेऱ्यांऐवजी एका वेळी दोनच, प्रत्येकी २ एमबीपीएस, बाकी जागा यादी आणि आवाजाला. यादीला पहिला नंबर, व्हिडिओला शेवटचा, राउटरमध्ये तसंच बसवणार.

रविवारी आम्ही सड्यावर जाऊन आरशाची तिरीप मारून बघितली, पुलाच्या टोकावरून स्वच्छ दिसली!

जुनाखांब

बॅटरीचा हिशोब बरोबर आहे, चौथी घेता आली तर घ्या. पण तिरीप कुठल्या महिन्यात मारलीत? आत्ता साग आणि ऐन ही झाडं उघडीबोडकी आहेत. जुलैत तीच झाडं पानांनी भरतात, त्यात पानं ओली, आणि ओली पानं ५ गिगाहर्ट्झ खाऊन टाकतात. आमची एक लिंक मार्चमध्ये झकास लागली होती, पहिल्या पंधरवड्याच्या पावसात निम्म्यावर आली आणि आम्ही आठ दिवस रेडिओ बदलत बसलो.

सावित्रीकाठ

काका, बरं झालं सांगितलंत. आज संध्याकाळी परत जाऊन आले. पुलाच्या बाजूला मधे सागाचं बन आहे, रेष त्याच्या शेंड्यांवरून जेमतेम दोन मीटर वरून जाते. ६ मीटर मोकळे मिळवायचे आणि झाडं वाढणार तेही धरायचं. बन मधोमधपेक्षा सड्याकडे जवळ आहे, म्हणून खांब सड्यावरच उंच करायचा, ६ ऐवजी १२ मीटरचा, झाडाला हात लावायचा नाही. कातळात तीन बाजूंनी ताणाच्या तारा बांधाव्या लागतील. कोकणातल्या वाऱ्यात कातळावर असा खांब कोणी उभा केलाय का? तारांचे अँकर कातळात किती खोल घेतले, आणि ड्रिलला वीज कुठून आणली?