मदत हवी आहे : पाहुण्यांच्या चादरी धुतलेलं पाणी झाडांना जातं आणि झाडं करपतायत

नमस्कार मंडळी,

आमचं शेत आहे. शेतातल्याच जुन्या घरात तीन वर्षांपासून चार खोल्या पाहुण्यांसाठी ठेवल्या आहेत. गोठा, भाजी, फळझाडं हे सगळं रोजच्यासारखं चालू असतं आणि लोक त्यातच येऊन राहतात. शेत आधी, पाहुणे नंतर, हे सुरुवातीलाच ठरवलं होतं. म्हणून खोल्यांतून निघणारं काहीही जमिनीला जड जाऊ नये, हा आमचा हट्ट. खरकटं कंपोस्टला जातं, आंघोळीचं पाणी सौर बंबावर तापतं, संडासाची सेप्टिक टाकी वेगळी आहे. इथवर ठीक चाललंय. अडलंय ते सांडपाण्यावर.

न्हाणीघर, बेसिन आणि कपडे धुण्याचं पाणी एकत्र करून आम्ही खडी-वाळूच्या वाफ्यात सोडतो. वाफ्यात कर्दळ आणि पाणकणीस आहे. तिथून पाणी पाइपने फळझाडांच्या आळ्यात, मातीच्या खालून जातं. भाजीला ते अजिबात देत नाही. साठवतही नाही, कारण हे पाणी एक दिवसापेक्षा जास्त टाकीत राहिलं की सडतं, हे पहिल्याच वर्षी कळलं.

पहिली दोन वर्षं कर्दळ इतकी माजायची की कापून कापून कंपोस्टला टाकत होतो. यंदा तिच्या पानांच्या कडा तपकिरी पडल्यात. कड चिमटीत धरली की चुरा होतो, मधलं पान मात्र हिरवंगार. फळझाडांची जुनी पानंही तशीच दिसायला लागलीत. आळ्यातल्या मातीवर पापुद्रा धरलाय. शेजारच्या आळ्यात विहिरीचं पाणी जातं, तिथे ते बघता बघता मुरतं. इथे तळं होऊन बसतं. वाफ्याच्या तोंडाशीही काळपट पाणी तुंबलंय आणि वास येतो.

बदललं काय, याचा विचार केला. पाहुणे वाढले हे एक. दुसरं म्हणजे रंगीत चादरी काढून पांढऱ्या आणल्या, कारण पांढरी चादर बघितली की पाहुण्याला स्वच्छ वाटतं. ती पांढरी राहावी म्हणून पावडर जास्त पडते, डाग निघेना की ब्लीच. पाकिटावर 'बायोडिग्रेडेबल' लिहिलेली पावडर बघूनच आणते मी. टॉवेल तर रोज जमिनीवर पडलेले सापडतात, मग ते धुवावेच लागतात.

वाफा भरलाय की साबण बाधतोय, हे ओळखायचं कसं? माती पुन्हा पहिल्यासारखी होईल का? आणि टॉवेल-चादरींबद्दल पाहुण्यांना कसं सांगावं? पैसे देऊन आलेल्या माणसाला आपण उपदेश करतोय असं वाटू नये. पण ही झाडं सासऱ्यांनी लावलेली आहेत. खोल्या उद्या बंद करता येतील, ही झाडं पुन्हा आणता येणार नाहीत.

प्रतिसाद १

ताई, तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी एकाच वेळी झालेली दिसतायत, म्हणून गोंधळ होतोय.

वाफ्याच्या फक्त तोंडाशी पाणी तुंबतंय, म्हणजे तिथली खडी भरली आहे. यात मोठा वाटा टॉवेलच्या लवेचा असतो. धुण्याच्या पाण्यातून लव येते, साबणाच्या मळीत अडकते आणि खडीच्या फटी बुजतात. कृत्रिम धाग्याची लव तर कुजतही नाही. मशीनच्या पाइपाला बारीक जाळीची पिशवी बांधा आणि दर दोन-तीन धुण्यांनी झटका. तोंडाकडची हातभर खडी उपसून, धुऊन परत भरा. जागा असेल तर दुसरा वाफा करा आणि आलटून पालटून एकेकाला विश्रांती द्या. कोरडा पडलेला वाफा हवा लागून बराचसा आपोआप मोकळा होतो.

पानांच्या कडा आणि मातीचा पापुद्रा ही मात्र क्षारांची लक्षणं आहेत. धुण्याच्या पावडरीत सोडियमचे क्षार भरपूर असतात, ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. पाकिटावरचा 'बायोडिग्रेडेबल' शब्द साबणातल्या मळ काढणाऱ्या भागाबद्दल असतो. सोडियम हे मूलद्रव्य आहे, ते कुजून नाहीसं होत नाही. पाणी उडून गेलं तरी मातीत राहतं. चिकणमातीचे कण त्याने सुटे होतात, छिद्रं बुजतात, वर पापुद्रा धरतो.

घरी तपासायची सोपी रीत सांगतो. त्या आळ्यातलं वाटाण्याएवढं वाळलेलं ढेकूळ घ्या, काचेच्या भांड्यात पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात अलगद सोडा आणि भांडं हलवू नका. दोन तासांनी बघा, मग दुसऱ्या दिवशी बघा. ढेकूळ नुसतं फुटलं आणि पाणी नितळ राहिलं, तर सोडियमची काळजी नाही. भोवती दुधासारखा ढग धरला, तर माती विस्कटतेय असं समजा. विहिरीच्या पाण्याच्या आळ्यातलं ढेकूळ शेजारी ठेवा, म्हणजे फरक डोळ्यांना दिसेल.

तसं निघालं तर धुण्याचं पाणी झाडांकडून आधी तोडा. नुसतं न्हाणीचं पाणी चालू ठेवलं तरी चालेल. पावडरीऐवजी द्रव साबण वापरा, त्यात सोडियम सहसा बरंच कमी असतं. ब्लीचच्या जागी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरा, त्याचं शेवटी पाणी आणि ऑक्सिजनच होतं. बोरॅक्स असलेलं काहीही घरात आणू नका. त्यातला बोरॉन जरासा जास्त झाला तरी जुन्या पानांच्या कडाच आधी जळतात. माती सुधारते, त्यासाठी जिप्सम घालतात. त्यातलं कॅल्शियम सोडियमला कणांवरून ढकलतं, पण सुटलेलं सोडियम वाहून न्यायला वर गोडं पाणी लागतं. ते दिलं नाही तर सगळं तिथेच राहतं. किती घालायचं ते माती तपासल्याशिवाय ठरवू नका.

प्रतिसाद २

मी टॉवेलबद्दल लिहिते, आमच्याकडेही खोल्या आहेत. आधी हे बघा, की ओला टॉवेल वाळत घालायला खोलीत जागा आहे का? आमच्याकडे दोन माणसांत एकच खुंटी होती. दुसऱ्याने टॉवेल टाकायचा कुठे? माणशी एक रुंद दांडी लावली, खिडकीजवळ, आणि निम्मा प्रश्न पाटी न लावताच सुटला.

पाटीचं म्हणाल, तर २००८ साली मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांचा हॉटेलमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. 'पर्यावरण वाचवा' या नेहमीच्या पाटीला सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरले, तर 'इथले बहुतेक पाहुणे पुन्हा वापरतात' या पाटीला ४४ टक्क्यांनी. पण तुमच्याकडे ते खरं असेल तेव्हाच लिहा. तोवर खरं ते सांगा, की हे पाणी खिडकीतून दिसणाऱ्या झाडांना जातं. शहरातल्या हॉटेलला हे सांगता येत नाही, तुम्हाला येतं. आणि पांढऱ्या चादरी सोडा हो. फिक्या मातकट रंगाच्या चादरीही उन्हात वाळल्या की तितक्याच छान वाटतात.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काल दोन भांडी ओट्यावर ठेवली होती. विहिरीच्या आळ्यातलं ढेकूळ फुटून तळाशी बसलंय, पाणी स्वच्छ. दुसऱ्या भांड्यात ढेकळाभोवती दुधी वलय आलं आणि आज सकाळी तर तळ दिसेना.

मशीनचा पाइप वाफ्यातून काढून तात्पुरता झाडांपासून लांब, गवताळ पडीत सोडलाय. तोंडाकडची खडी उपसली तेव्हा राखाडी नमद्यासारखा थर हाताला लागला, सगळी लवच. चारही खोल्यांत दांड्या लावायला माणूस उद्या येतोय. दोन्ही आळ्यांतली माती तपासायला दिली आहे. अहवाल आला की आकडे इथेच लिहीन, मग जिप्समचं प्रमाण सांगा. तोवर त्या झाडांना विहिरीचं पाणी देतेय.