मदत हवी आहे: ट्रॅकवर गाडी झटके खाते. टर्बो टाकू की कार्बोरेटरवर जाऊ?

पाना_दहाअकरा
नमस्कार मंडळी. सरळ मुद्द्यावर येतो. घरी बांधलेली गाडी आहे, लोटस सेव्हन या हलक्या, उघड्या स्पोर्ट्स कारच्या धर्तीची. गेल्या महिन्यात कोइमतूरला कारी ट्रॅकवर नेली होती. पहिल्या चार-पाच फेऱ्या नुसती पळते, मग मिसिंग सुरू. वळणातून बाहेर पडताना पाय दिला की मेल्यासारखी बसते, दोन झटके खाते आणि परत पळते. थोडा वेळ उभी केली की पुन्हा झकास. सोलापुरात तीन मेकॅनिकना दाखवली, तिघांनी तीन पार्ट बदलले, फरक शून्य. डोकं फिरायची वेळ आली आहे. प्रश्न एवढाच: टर्बो टाकू की एमपीएफआय (पेट्रोल फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) काढून जुन्या पद्धतीच्या कार्बोरेटरवर जाऊ? पुढच्या ट्रॅक डेचे पैसे भरून बसलोय. लवकर सांगा.

लेथवाला_एमआयडीसी
इंजिन कुठलं? वजन किती? कुठले तीन पार्ट? एवढं तरी लिहायचं ना बे. डॉक्टरकडे जाऊन "दुखतंय, गोळी द्या" असं म्हणतो का आपण?

बूस्ट_बाबा
टर्बो. दुसरा विचारच करू नका. छोट्या डिझेल गाडीचा टर्बो जुन्या बाजारात मिळतो, मॅनिफोल्ड कोणीही वेल्डिंग करून देईल. मी एका झेनला बसवला होता, गाडी विमान झाली होती.

लेथवाला_एमआयडीसी
झेन आता कुठंय, बाबा?

बूस्ट_बाबा
तो वेगळा विषय आहे.

पाना_दहाअकरा
इंजिन एस्टीमचं १.३, १६ व्हॉल्व्ह. गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल जिप्सीचा, ट्रान्सफर केस (पुढच्या चाकांनाही ताकद देणारा भाग) काढून टाकलाय. मागच्या धाग्यात फोटो टाकले होते, म्हणून परत लिहिलं नाही. वजन साडेपाचशे किलो, मला सोडून. बाजार समितीजवळच्या काट्यावर केलं. बदललेले पार्ट: प्लग, कॉइल आणि इंधनाचा फिल्टर.

पुणेरी_पिस्टन
थोडा वेळ उभी केल्यावर ठीक होते म्हणजे शंभर टक्के उष्णता. पेट्रोलची लाइन एक्झॉस्टजवळून नेली असेल, तिथे वाफ धरते. सोलापूरच्या उन्हात हेच होणार. लाइनला उष्णतारोधक गुंडाळा, रेडिएटरला मोठा पंखा लावा. मला हा त्रास २ वर्षं होता.

मालदांडी
सोलापूरच्या उन्हाला कशाला नावं ठेवता? गाडी कोइमतूरला झटके खाते आहे. पुण्याचं ऊन काय मलमल आहे का? (ह.घ्या.)

इथेनॉल_नको
हे सगळं ई-२० चं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं पाप. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. एस्टीमच्या काळातले रबरी पाइप त्यासाठी बनलेलेच नाहीत. शिवाय पाणी ओढतं. माझ्या स्कूटरची...

लेथवाला_एमआयडीसी
ऊर्जा कमी असेल तर पहिल्या फेरीपासूनच कमी असेल की. पाचव्या फेरीत इथेनॉलला अचानक जाग येते का?

कायदा_कलम
धागाकर्त्यांना नम्र सूचना. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही. घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणाल तर ती जप्त होऊ शकते. आधी याचा विचार करा.

पाना_दहाअकरा
रस्त्यावर नाही ओ आणत. टाटा ४०७ ट्रकमध्ये घालून नेतो. विजापूर, होस्पेट, चित्रदुर्ग करत जायचं, हजारेक किलोमीटर पडतं, पाठीचे मणके मोजून होतात. कृपया झटक्यांवर बोला.

जुना_चेकर्ड_झेंडा
कारी हे नाव वाचलं आणि बरं वाटलं. तो ट्रॅक एस. करिवर्धन यांच्या नावाने आहे. त्यांनी १९८८ च्या सुमारास मारुती ८०० चं इंजिन टाकून फॉर्म्युला मारुती ही एकआसनी गाडी बनवली. त्याआधी शर्यती मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या. ८०० च्या इंजिनावर मुलं शर्यत शिकली, ताकद जेमतेम, म्हणून वळण नीट घ्यावंच लागायचं. आताच्यांना आधी टर्बो हवा.

बूस्ट_बाबा
काका, टोमणा पोचला.

भूमिती_आणि_भाकरी
तीन प्रश्न विचारते. झटके डाव्या वळणात येतात की उजव्या? थोडा वेळ उभी केली तेव्हा नेमकं काय काय केलंत, चहा प्यालात एवढं सोडून? आणि टाकी कुठली आहे?

पाना_दहाअकरा
ताई, उजव्या. आता विचारलंत म्हणून आठवलं, डाव्यात कधीच नाही. लांब उजव्या वळणातच येतात. उभी केली की काय, बॉनेट उघडतो, टायरची हवा बघतो, कॅनमधलं पाच लिटर पेट्रोल टाकतो. टाकी घरीच केली आहे, जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पत्र्याची. टाकीचा काय संबंध?

लेथवाला_एमआयडीसी
घ्या! पाच लिटर पेट्रोल टाकतो म्हणे! हे वीस प्रतिसादांनंतर!

पाना_दहाअकरा
तेराच झालेत.

भूमिती_आणि_भाकरी
टाकीची मापं द्या. रुंदी, खोली, उंची. पंपाचा पाइप तळाला कुठे जातो? आत आडव्या पट्ट्या आहेत का? सुरुवातीला किती लिटर असतं?

पाना_दहाअकरा
२४ × १२ × ९ इंच. रुंदी गाडीच्या आडवी. पाइप मधोमध घ्यायचा होता, पण चासीची नळी आडवी आली म्हणून दोन इंच उजवीकडे सरकवला. आत काही नाही, डबाच आहे. सुरुवात १८ लिटरने करतो. पूर्ण भरत नाही, वजन कशाला वाढवायचं?

भूमिती_आणि_भाकरी
मग टर्बो नको, कार्बोरेटरही नको. टाकी बदला.

उजव्या वळणात पेट्रोल डावीकडे जातं. साध्या पण चांगल्या टायरवर गाडी वळणात ०.९ जी, म्हणजे गुरुत्वाच्या ०.९ पट बाजूच्या जोरापर्यंत, रस्ता सोडत नाही असं धरू. तेव्हा पेट्रोलची पातळी आडवी राहत नाही, साधारण ४२ अंशांनी तिरकी होते. सगळं पेट्रोल डाव्या भिंतीवर चढतं. तुमच्या टाकीत त्या कोनात पाइपाचं तोंड बुडालेलं राहायला सुमारे १६ लिटर लागतात. त्याच्या खाली गेलात की पंप हवा ओढतो. डाव्या वळणात हाच आकडा सुमारे ९ लिटर येतो, कारण पाइप उजव्या भिंतीच्या जवळ आहे. तुम्ही १८ वर निघता, चार-पाच फेऱ्यांत दोनेक लिटर जळतात आणि झटके सुरू होतात. मग पाच लिटर टाकता आणि गाडी "थंड झाल्यामुळे" बरी होते.

गणित कागदावरचं आहे. प्रत्यक्षात पेट्रोल हिंदकळतं, गाडी डोलते, वळण संपतं. पण लक्षणं इतकी जुळतात की मी पैज लावायला तयार आहे.

पुणेरी_पिस्टन
उष्णता पूर्णपणे नाकारता येत नाही, एवढंच म्हणेन.

मालदांडी
ताईंना दंडवत. खात्री करायला कोइमतूर कशाला? माझं रान मंद्रूपच्या अलीकडे आहे, ज्वारी काढून झाली की सपाट मैदान मोकळंच. या, गोल गोल फिरा.

लेथवाला_एमआयडीसी
काळ्या रानात तेव्हा हातभर भेगा असतात बे. त्या गाडीचा तळ जमिनीपासून चार इंचांवर. रोटावेटर होईल तिचा.

मालदांडी
मग जानेवारीत हुरड्याला या. गाडी नका आणू.

सुपरफास्ट_सातरस्ता
पहाटे पाचला बायपासवर कोणी नसतं. तिथे बघून घ्या.

कायदा_कलम
वर काय लिहिलं होतं मी?

भूमिती_आणि_भाकरी
बायपास अजिबात नको. टाकी उतरवा, पेट्रोल मोकळ्या हवेत काढा, पाण्याने भरा. डावी बाजू खाली करून ४२ अंशांत तिरकी धरा, मोबाईलमध्ये कोन दाखवणारं ॲप असतं. झाकणातून बॅटरी मारून बघा, पाइपाचं तोंड बुडतंय का. १८ लिटरवर बघा, मग १५ वर.

सुपरफास्ट_सातरस्ता
एवढं कशाला, टाकीला बाजूने खिडकी कापून आत पट्ट्या वेल्ड करून टाका. अर्ध्या तासाचं काम.

लेथवाला_एमआयडीसी
कोणी करू नका!! पेट्रोल भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी वाईट. आतली वाफ ठिणगीची वाट बघत असते. आमच्या लाइनीत जुन्या टाकीला वेल्डिंग लावायला आलेल्या माणसाला आधी चहा पाजतात आणि मग घरी पाठवतात. शिवाय जीआय पत्रा पेट्रोलला नकोच, जस्ताचा भुगा सुटून फिल्टरमध्ये बसतो. फिल्टर बदलला तेव्हा जुना कापून बघितला का? दोन एमएम ॲल्युमिनियमची नवीन करा. आत दोन आडव्या पट्ट्या, खाली कोपरे कापलेल्या. मध्ये छोटी खोलगट पेटी, तिला आत उघडणाऱ्या झडपा: पेट्रोल आत येईल, बाहेर जाणार नाही. यंत्रमागाचे पार्ट करणारा कुठलाही फॅब्रिकेटर अक्कलकोट रोडला करून देईल, ड्रॉइंग मात्र कागदावर द्या. तोंडी सांगाल तर तो पुन्हा डबाच करेल.

बूस्ट_बाबा
नवीन टाकी न करता सर्ज टँक चालेल. दीड लिटरची उभी नळकांडी. टाकीतून कमी दाबाचा पंप ती भरत ठेवतो आणि तिच्या तळातून दुसरा पंप इंजिनाला अडीच-तीन बार दाबाने पेट्रोल देतो. मुख्य टाकीने चार सेकंद हवा ओढली तरी इंजिनाला कळत नाही. इंजिनाकडून परत येणारं पेट्रोलही त्यातच सोडा. (टर्बो टाकणाऱ्यांना हे आधी शिकावं लागतं, म्हणून माहिती आहे.)

लेथवाला_एमआयडीसी
बाबांनी पहिल्यांदा कामाचं लिहिलं. मात्र दोन पंप, जास्तीचे जोड, म्हणजे गळायच्या जागा वाढल्या. मी पेटीच्या बाजूने.

बूस्ट_बाबा
मी नळकांडीच्या.

इथेनॉल_नको
टाकीत फोम भरणार असाल तर पेट्रोलसाठीचाच घ्या. गादीचा फोम ई-२० मध्ये विरघळून लापशी होतो.

पाना_दहाअकरा
रविवारी टाकी काढली. मी आणि मेव्हणा, अंगणात, लाकडी पाचर लावून ४२ अंश. १८ लिटरवर तोंड बुडालेलं. १५ वर चक्क कोरडं, वर दोन बोटं जागा. मेव्हणा म्हणाला, "यासाठी कॉइल बदलली का?" जुना फिल्टरही कापला, आत करडा भुगा आहे. लेथवाले, तेही बरोबर निघालं. नवीन टाकी टाकायला दिली, झडपांच्या पेटीची. या वेळेस ट्रॅक डेला जुनीच पूर्ण भरून न्यावी का? २४ लिटर जादा म्हणजे किती वजन?

भूमिती_आणि_भाकरी
साधारण १८ किलो. तुमचा फॅब्रिकेटर वेळेवर टाकी देईल तर मी भाकरी थापणं सोडेन, तेव्हा हो, फिल्टर नवीन लावून जुनीच भरून न्या. ब्रेक ऑइल कुठलं आहे? डॉट-३ असेल तर डॉट-४ (जास्त तापमानाला उकळणारं) घाला, ट्रॅकवर उकळण्याचा फरक जाणवतो.

नवीन_सदस्य_४४
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत. स्विफ्ट घ्या, जुनी मिळते, झंझट नाही.

पाना_दहाअकरा
सर्वांचे मनापासून आभार. ताई, ब्रेक ऑइल बघून सांगतो. जाता जाता एक किरकोळ: त्याच उजव्या वळणात ऑइलचा लाल दिवाही लुकलुकायचा. पण क्षणभरच, लगेच जातो, म्हणून लिहिलं नव्हतं.

लेथवाला_एमआयडीसी
...

भूमिती_आणि_भाकरी
गाडीला हात लावू नका. पेट्रोलसारखंच इंजिन ऑइलही त्या वळणात एका बाजूला जाऊन ऑइल पंप हवा ओढत असणार. ऑइल चेंबर खोलून आतून फोटो टाका.