अमेरिकेत पूर्ण वेळ राबूनही माणूस गरीब राहतो, ती जबाबदारी कोणाची?

फोंड्याचा वाचक (प्रश्न)

यंदाच्या चतुर्थीत आमच्या घरी एक वाद सुरू झाला आणि विसर्जन होऊन गेले तरी तो मिटला नाही, म्हणून येथे मांडतो. माझा भाचा पेनसिल्व्हेनियात शिकतो आणि विद्यापीठाच्या भोजनगृहात काम करतो. व्हिसाच्या नियमामुळे सत्र चालू असताना त्याला आठवड्याला २० तासांहून जास्त काम करता येत नाही. आरतीनंतर फोनवर सर्वांशी बोलताना तो सहज म्हणून गेला की, वर्षानुवर्षे किमान वेतनावर राहणारी माणसे तेथे स्वतःच्याच निर्णयांमुळे तशी राहतात, आणि ज्याला पुढे जायचे असते तो जातोच. माझ्या वडिलांनी उमेदीची सगळी वर्षे भाटकाराच्या (जमीनदाराच्या) कुळागरात (बागायतीत) काढली. माटोळीखाली बसल्या बसल्या त्यांनी एवढेच विचारले की, दिवसभर राबणाऱ्याचे पोट भरत नसेल, तर चूक राबणाऱ्याची कशी?

मला दोन्ही बाजू थोड्याथोड्या पटतात आणि हीच माझी अडचण आहे. तेथील देशव्यापी किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर, म्हणजे आपले सहाशेहून अधिक रुपये होतात आणि आठ तासांचे जवळजवळ पाच हजार. एवढ्या मजुरीत माणूस गरीब कसा राहतो? आणि राहत असेल, तर त्यातला किती भाग त्याच्या स्वतःच्या जबाबदारीचा धरावा? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

निवृत्त मास्तर, डिचोली

रुपयांचा हिशेब आधी बाजूला ठेवू या, कारण तो माणूस तांदूळ आणि घरभाडे रुपयांत देत नाही. आठवड्याला ४० तास याप्रमाणे वर्षाचे ५२ आठवडे काम केले तर २,०८० तास भरतात आणि ७.२५ डॉलरच्या दराने वर्षाची मिळकत १५,०८० डॉलर होते. त्यातूनही सामाजिक सुरक्षा व वृद्धांच्या आरोग्यविम्यापोटी ७.६५ टक्के आधीच कापले जातात. सरकारने २०२५ साठी एकट्या माणसाची दारिद्र्यरेषा १५,६५० डॉलर धरली आहे आणि पदरी एक मूल असेल तर २१,१५० डॉलर. म्हणजे एकही दिवस न चुकवता, आजारी न पडता राबलेला एकटा जीव सरकारच्याच मापाने गरीब ठरतो. 'आजारी न पडता' हे शब्द मी मुद्दाम लिहिले, कारण खाजगी नोकरदाराला पगारी आजारपणाची रजा मिळालीच पाहिजे असा देशव्यापी कायदा तेथे नाही. काही राज्यांनी आपापल्या पुरता तो केला आहे.

किमान वेतनाचा देशव्यापी कायदा १९३८ चा. तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या मजूरमंत्री फ्रान्सिस पर्किन्स यांनी त्यासाठी मोठा आग्रह धरला होता. सुरुवातीचा दर तासाला २५ सेंट होता आणि शेतमजूर व घरकामगार यांना त्या वेळी कायद्याबाहेरच ठेवले होते. या दराला महागाई भत्त्यासारखे काहीही जोडलेले नाही, हे आपल्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावे. आपल्याकडे भत्त्याची किस्त दोन महिने लांबली तरी कचेरीत कुजबुज सुरू होते. तेथे काँग्रेसने, म्हणजे त्यांच्या संसदेने, नवा कायदा करीपर्यंत दर जागचा हलत नाही. जुलै २००९ मध्ये तो ७.२५ झाला आणि आजही तेवढाच आहे. खरेदीशक्तीने मोजले तर १९६८ सालचा १.६० डॉलर हा सर्वांत वरचा दर ठरतो. मार्च २०२१ मध्ये १५ डॉलरची दुरुस्ती सिनेटपुढे आली आणि ५८ विरुद्ध ४२ मतांनी पडली.

आता भाच्याच्या 'जबाबदारी'विषयी. हा शब्द तेथे केवळ घरगुती उपदेशाचा राहिलेला नाही, तो एका कायद्याच्या नावात आहे. २२ ऑगस्ट १९९६ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी 'वैयक्तिक जबाबदारी आणि कामाची संधी' या नावाच्या कायद्यावर सही केली. त्याने गरीब कुटुंबांना केंद्राच्या पैशातून मिळणाऱ्या रोख मदतीला कामाची अट आणि आयुष्यात एकूण पाच वर्षांची मर्यादा घातली. त्याच्या दोनच दिवस आधी, २० ऑगस्टला, त्याच हातांनी किमान वेतन ४.२५ वरून दोन टप्प्यांत ५.१५ करण्याच्या कायद्यावर सही केली होती. मी या दोन सह्या एकाच व्यवहाराची दोन कलमे म्हणून वाचतो: तू काम कर, आणि कामाचे मोल आम्ही पडू देणार नाही. त्यातले पहिले कलम आजही लागू आहे. दुसऱ्याचे काय झाले, तर ५.१५ हा दर १९९७ पासून २००७ पर्यंत तसाच पडून राहिला आणि ७.२५ त्याहूनही अधिक काळ पडून आहे. आपल्या वडिलांचा प्रश्न या दुसऱ्या कलमाविषयी आहे आणि भाचा फक्त पहिले वाचून दाखवतो आहे.

माजी तारवटी, पेडणे

मास्तरांइतका माझा अभ्यास नाही. मी मायामीहून सुटणाऱ्या प्रवासी बोटींवर जेवणघरात अनेक वर्षे काम केले, तेवढेच सांगतो. बोटीवर चढणारे प्रवासी बहुतेक अमेरिकी, बंदर अमेरिकी, पैसा डॉलरमध्ये, आणि तरीही अमेरिकेचे किमान वेतन आम्हांला कधी लागू नव्हते, कारण बोटीच्या शेपटीला बहामाचा ध्वज होता. परदेशी ध्वजाच्या जहाजावरील खलाशांना तो कायदा स्वतःच वगळतो. दहा-अकरा तासांचा दिवस, आठवड्याचे सातही दिवस, आणि करार संपेपर्यंत रविवार म्हणून वेगळा वार नसे.

तरी मी तक्रार करीत नाही, कारण त्याच पैशांतून पेडण्यात घर उभे राहिले आणि दोन मुली शिकल्या. बंदरावरच्या एका दुकानात फोनचे कार्ड विकणारी एक कृष्णवर्णीय बाई होती. मी महिन्याला किती पैसे घरी पाठवतो हे तिने एकदा विचारले आणि आकडा ऐकून तिला ते खरेच वाटेना, कारण तिची मिळकत माझ्यापेक्षा जास्त असूनही महिन्याअखेर तिच्या हातात काही उरत नसे. मी डॉलर मिळवून तो पेडण्यात खर्च करीत होतो. तिला तो तेथेच घरमालकाला द्यायचा होता. पाच हजार रुपये रोज मिळूनही गरीब कसा, याचे उत्तर मला त्या गल्ल्यापाशी मिळाले.

बक्षिशीचेही सांगतो. तेथे हॉटेलातल्या वाढप्याला मालकाने द्यायचा देशव्यापी किमान दर तासाला २.१३ डॉलर आहे आणि तो १९९१ पासून बदललेला नाही. बाकीचे गिऱ्हाइकाच्या बक्षिशीतून भरायचे आणि ती ७.२५ ला पोचली नाही, तर फरक मालकाने द्यायचा असा नियम आहे. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी ही पद्धत मोडून पूर्ण दर द्यायला लावला. पगार मालकाने द्यायचा की चौथ्या टेबलावरच्या माणसाच्या लहरीने ठरायचा, हे ज्याने सफरीच्या शेवटच्या रात्री पाकिटांची वाट पाहिली आहे त्याला विचारावे.

खाणावळवाला, म्हापसा

येथे सगळे एकाच बाजूला बसलेले दिसतात, म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझ्या स्वयंपाकघरात नऊ माणसे आहेत, बहुतेक ओडिशा व नेपाळची. त्यांपैकी एकजण सहा वर्षांपूर्वी भांडी घासायला आला होता. दुपारी तीन ते सहा सगळे झोपत, तेव्हा हा आचाऱ्याशेजारी उभा राहून मसाला भाजायला शिकला. आज तंदूर तो सांभाळतो आणि पगार दुपटीहून जास्त घेतो. त्याच दिवशी आलेला त्याचा सोबती आजही भांड्यांवरच आहे. दोघांना संधी एकच होती, त्यामुळे भाच्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ आहे असे मला वाटत नाही.

शिवाय आकडे दोन्ही बाजूंचे पाहावेत. अमेरिकेच्या मजूर खात्याच्या आकडेवारीप्रमाणे २०२३ मध्ये तासावर पगार घेणाऱ्यांपैकी सुमारे एक टक्काच लोक ७.२५ किंवा त्याहून कमी दरावर होते, कारण निम्म्याहून जास्त राज्यांनी आपले दर त्यावर नेले आहेत आणि इतरत्र बाजारानेच ते वर नेले. दर १५ डॉलर केला तर सुमारे ९ लाख लोक गरिबीतून वर येतील आणि सुमारे १४ लाख रोजगार जातील, असा अंदाज काँग्रेसच्याच अर्थसंकल्प कार्यालयाने २०२१ मध्ये दिला होता. सिएटल शहराने दर १३ डॉलरपर्यंत नेल्यावर कमी पगाराच्या कामांचे तास सुमारे नऊ टक्क्यांनी घटले, असे तेथील विद्यापीठाच्या संशोधकांनी मांडले. गेलेल्या तासाचा पगार कोणीच देत नाही.

माझ्या मते कामाचा मोबदला मालकाने द्यावा आणि कुटुंबाचा भार समाजाने उचलावा. कमी मिळकतीच्या कुटुंबांना करातून रक्कम परत देण्याची योजना अमेरिकेत १९७५ पासून आहे, ती मला अधिक न्याय्य वाटते. मे महिना संपला की माझे गिऱ्हाईक संपते. तेव्हा माणसाच्या चार मुलांचा खर्च माझ्या गल्ल्यातून कसा निघणार?

निवृत्त मास्तर, डिचोली

खाणावळवाल्यांचा मुद्दा प्रामाणिक आहे आणि करातून परतफेड ही चांगलीच योजना आहे, मात्र मूल नसलेल्या कामगाराच्या वाट्याला तीतून फारच थोडे येते. रोजगार जातात की नाही, यावर तीस वर्षे वाद चालू आहे. एप्रिल १९९२ मध्ये न्यू जर्सीने दर ४.२५ वरून ५.०५ केला आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केला नाही. आपल्या पत्रादेवीच्या नाक्यासारखी मध्ये डेलावेअर नदी. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्ही काठांवरच्या झटपट खाद्यगृहांची पाहणी केली आणि न्यू जर्सीत रोजगार घटल्याचे त्यांना आढळले नाही. त्या निष्कर्षावर आक्षेपही आले, तरी कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले त्यात या कामाचा वाटा होता. २०२५ मध्ये त्याच नदीच्या एका काठावर दर १५.४९ डॉलर होता आणि दुसऱ्यावर ७.२५.

आणि तंदूरवाल्या मुलाविषयी एक शंका. ते दोघेही तंदूर शिकले असते, तरी तंदूर एकच होता ना? भांडी घासायला आपण तिसरा माणूस ठेवलाच असता, आणि त्याचा पगार किती हा प्रश्न शिल्लकच राहिला असता. २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, तेव्हा आमच्या डिचोली-सत्तरीत खनिज वाहण्यासाठी कर्जावर ट्रक घेतलेल्यांना पुष्कळांनी 'हाव नडली' म्हटले. काहींच्या बाबतीत ते खरेही होते. परंतु एकाच महिन्यात इतके ट्रक दारात उभे राहतात, तेव्हा प्रत्येक मालकाचा स्वभाव तपासत बसण्यात अर्थ नसतो.

साखळीची लेक, न्यू जर्सी

मी येथे एका मोठ्या किराणा दुकानात चार वर्षे पाळ्या लावण्याचे काम केले, त्यामुळे खाणावळवाल्या दादांच्या 'तीन ते सहा' या वेळेवर मला बोलायचे आहे. ती रिकामी वेळ रोज ठरलेली होती, म्हणून तो मुलगा शिकू शकला. आमच्या दुकानात पुढच्या आठवड्याचे तास गुरुवारी संध्याकाळी फोनवर येत. गर्दी कमी झाली की दोन जणांना वेळेआधी घरी पाठवायचे, ही सूचना मला संगणक देत असे आणि मी ती मुकाट्याने पाळत असे. कोणाचे तास आठवड्याला ३० पर्यंत सहसा पोचू द्यायचे नाहीत, असेही सांगितलेले होते, कारण २०१० च्या आरोग्यविमा कायद्याप्रमाणे मोठ्या आस्थापनेत ३० तासांचा कामगार पूर्ण वेळेचा धरला जातो आणि त्याला विमा देऊ करावा लागतो. कागदावर दर ७.२५ च्या खूप वर होता. तास मात्र कधी २८ तर कधी १७.

माझ्या हाताखालच्या एका मुलीने मंगळवार-गुरुवार संध्याकाळच्या वर्गाला नाव घातले होते, रक्त तपासणीच्या तंत्राचा अभ्यासक्रम होता. पहिला महिना मी तिला सांभाळून घेतले. नंतर वरून पाळ्या बदलल्या, तिने तीन मंगळवार बुडवले आणि फी गेली. कारण म्हणून तिने अर्जावर 'वैयक्तिक' असे लिहिले होते. तो अर्ज माझ्याच टेबलावरून पुढे गेला. ओरेगनने २०१७ मध्ये मोठ्या दुकानांना व खाद्यगृहांना पाळ्या आगाऊ लेखी कळवण्याचा कायदा केला, तसा आमच्याकडे नव्हता. जबाबदारी मी नाकारत नाही, मी स्वतः तशीच वर आले आहे. पण मंगळवारी आपण कुठे असणार हे ज्याला रविवारीही ठाऊक नसते, त्याच्याकडे कोणता निर्णय शिल्लक असतो, हे भाच्याला विचारून पाहावे.

फोंड्याचा वाचक

सर्वांचे आभार. ताईंचा प्रश्न मी काल रात्री भाच्याला जसाच्या तसा वाचून दाखवला. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला की, त्याच्या पाळ्या सत्राच्या आरंभी त्याचे वर्ग पाहूनच लावतात आणि सत्र संपेपर्यंत त्या हलत नाहीत. हे त्याने आजवर कधी लक्षात घेतले नव्हते. त्याच्या बाजूला यंत्रात ताटे लावणारी एक पन्नाशीची बाई आहे, ती विद्यार्थिनी नाही आणि सकाळी दुसरीकडेही काम करते. तिला तिचे तास केव्हा कळतात, हे त्याला माहीत नाही. शनिवारी दोघांची पाळी एकत्र आहे, तेव्हा विचारतो म्हणाला.