केएसपी: स्टेशनशी भेट जमत नाही. १४ किमीवर अडकतं, ढकललं तर आणखी लांब जातं

बिनइंधन

कर्बल स्पेस प्रोग्राम (केएसपी, अंतराळयानं उडवायचा कॉम्प्युटर गेम) १.१२, करिअर मोड, एकही मॉड नाही. स्टेशन कर्बिनभोवती (गेममधला ग्रह) १०० × १०० किमी, कल (कक्षेचा तिरपेपणा) ०°. यानात एमके१ पॉड, टेरियर इंजिन, नाकावर १.२५ मीटरचा क्लॅम्प-ओ-ट्रॉन (डॉकिंग पोर्ट) आणि आरव्ही-१०५ चे चार आरसीएस ब्लॉक (यान सरकवणारे छोटे थ्रस्टर). कक्षेत पोचल्यावर वजन साधारण १२ टन, डेल्टा-व्ही (उरलेल्या इंधनातून मिळणारा एकूण वेगबदल) ९०० मी/से च्या आसपास शिल्लक. म्हणजे इंधनाची अडचण नाही. मी आधी ८० × ८० किमीत थांबतो, तिथे स्टेशनच्या तुलनेत कल १.२° दाखवतो.

अडलेल्या गोष्टी:

१. नोड (नकाशावर आखलेली इंजिन चालवायची जागा) कुठेही सरकवला तरी भेटीच्या खुणांवरचं अंतर १४-१५ किमीच्या खाली येत नाही.

२. एकदा १०० किमीच्याच कक्षेत, स्टेशनच्या मागे २० किमीवर होतो. टार्गेटकडे नाक करून १० मी/से दिले. थोडा वेळ अंतर कमी झालं, मग वाढतच गेलं. एका फेरीनंतर जवळजवळ ८० किमी!

३. मोनोप्रोपेलंट (आरसीएसचं इंधन) स्टेशनजवळ पोचायच्या आतच संपतं.

लंबवर्तुळ

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तो उलगडला की बाकीचं निम्मं सोपं होतं.

तुम्ही १० मी/से पुढे ढकललंत, त्यामुळे वेग वाढला तसं कक्षेचं पलीकडचं टोकही वर गेलं, साधारण ११२ किमीवर. कक्षा मोठी झाली की फेरीला वेळ जास्त लागतो. १०० किमीवर एक फेरी ३२ मिनिटं ३८ सेकंदांची असते. १० मी/से दिल्यावर ती सुमारे २६ सेकंदांनी लांबते. या २६ सेकंदांत स्टेशन २२४६ मी/से वेगाने पुढे निघून जातं, म्हणजे ५८-५९ किमी. मूळचे २० मिळवा, तुमचे ८० किमी आले. गेमने काही चूक केलेली नाही.

सुरुवातीला अंतर कमी झालं तेही बरोबरच. पहिली पावणेचार मिनिटं तुम्ही खरंच पुढे सरकता, पण सगळं मिळून दीड किमीच. त्यानंतर वर गेल्याचा तोटा पुढे गेल्याच्या फायद्यावर मात करतो. ही चूक करणारे तुम्ही पहिले नाही. जून १९६५ मध्ये जेमिनी ४ मधून जेम्स मॅकडिव्हिट आपल्याच टायटन रॉकेटच्या सुट्या झालेल्या टप्प्याकडे नाक करून ढकलत राहिले. टप्पा हाती लागला नाही, इंधन मात्र गेलं आणि प्रयत्न सोडून द्यावा लागला.

आता उलटं करा. स्टेशन २० किमी पुढे आहे, तर रेट्रोग्रेड (गतीच्या उलट दिशेने) ३.४ मी/से द्या. पेरी (कक्षेचा सर्वांत खालचा बिंदू) ९६ किमीपर्यंत उतरेल, फेरी ९ सेकंदांनी लहान होईल आणि बरोबर एका फेरीनंतर त्याच जागी तुम्ही स्टेशनपाशी असाल. तिथे ३.४ मी/से प्रोग्रेड (गतीच्या दिशेने) दिले की पुन्हा स्टेशनच्याच कक्षेत. स्टेशन मागे असेल तर याच्या उलट, आधी प्रोग्रेड.

मर्यादा एकच. कर्बिनचं वातावरण ७० किमीपर्यंत आहे. १०० किमीवरून रेट्रोग्रेड २४ मी/से च्या पुढे गेलात की पेरी वातावरणात घुसते. तेवढ्यात एका फेरीमागे साधारण १४० किमी भरून निघतात. त्याहून जास्त अंतर असेल तर दोन-तीन फेऱ्यांत वाटून घ्या.

टार्गेटकडे सरळ नाक करून जाणं चालतं, पण फक्त शेवटच्या दोन किमीत. तिथे प्रवास दोन-तीन मिनिटांचा असतो, तेवढ्यात कक्षेचा बाक फारसा आड येत नाही.

पात_बिंदू

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. स्टेशन केंद्रापासून ७०० किमीवर (कर्बिनची त्रिज्या ६०० अधिक उंची १००). ७०० गुणिले साइन १.२° म्हणजे १४.७ किमी. तुमचं अडकलेलं अंतर हेच. दोन कक्षांची प्रतलं एकमेकींना फक्त दोन पातांवर छेदतात, तिथून ९०° पुढे मागे ती सर्वांत लांब असतात. तुमची भेट नेमकी तिथे पडते आहे. प्रोग्रेड-रेट्रोग्रेड कितीही ओढलंत तरी हे अंतर मिटणार नाही, ते आडवं आहे.

म्हणून कल आधी काढा. स्टेशनला टार्गेट केलं की नकाशात आरोही आणि अवरोही पाताच्या खुणा दिसतात, त्यांवर कर्सर नेला की कोन. आरोही पातावर अँटीनॉर्मल, अवरोही पातावर नॉर्मल (नॉर्मल म्हणजे कक्षेच्या प्रतलाला लंब, उत्तरेकडे; अँटीनॉर्मल त्याच्या उलट). ८० किमीवर १.२° साठी ४८ मी/से लागतील. १२ टनाला टेरियरचे ६० किलोन्यूटन म्हणजे ५ मी/से² त्वरण, बर्न (इंजिन चालवणं) १० सेकंदांचा. पाताच्या ५ सेकंद आधी सुरू करा. ०.०° दिसेपर्यंत सोडू नका. ०.१° राहिला तरी १.२ किमी आडवं अंतर उरतं.

पुढच्या वेळी हे ४८ मी/से वाचवा. तळ विषुववृत्तावरच आहे आणि स्टेशनचा कल शून्य, तेव्हा चढताना नॅव्हबॉलवर (दिशा दाखवणारा गोळा) ९०° ची रेघ सुटू द्यायची नाही. रॉकेट वळताना किंचित गिरकी घेतं, नाक ८८ वर सरकतं आणि कुणी बघत नाही. कल तिथे येतो.

आता ८० वरून १००. कागदावरचे आकडे असे: पहिला बर्न १६.५ मी/से प्रोग्रेड, वर पोचायला १६ मिनिटं, आणि बर्नच्या क्षणी स्टेशन तुमच्या जेमतेम ४° पुढे हवं. चंद्राकडे जाताना असतो तसा मोठा कोन इथे नसतो, कारण दोन्ही कक्षा जवळजवळ सारख्याच. लोक ४५° वर बर्न करतात आणि मग खुणा जुळत नाहीत म्हणतात.

स्टेशन ४° वर नसेल तर थांबा. ८० किमीवर फेरी ३१ मिनिटं १५ सेकंदांची, म्हणजे प्रत्येक फेरीत तुम्ही १५° भरून काढता. १२०° पुढे असेल तर साडेसात फेऱ्या. नोडवर राइट क्लिक करून फेरी वाढवायचं बटण दाबत राहा, खुणा हळूहळू जवळ येताना दिसतील. अगदी वाईट स्थितीतही, म्हणजे स्टेशन नुकतंच मागे पडलं असेल तर, गेममधले १२ तास. टाइम वॉर्पने (गेममधला वेळ पळवून) पंधरा मिनिटांचं काम.

बर्न झाल्यावर अंतर ३ किमी दाखवत असेल तर लगेच आरसीएसने किंचित सुधारा. अर्धी फेरी आधी दिलेला १ मी/से भेटीच्या जागी सुमारे ३ किमी सरकवतो. हेच काम शेवटच्या मिनिटात केलंत तर पन्नासपट महाग पडतं.

मग भेटीच्या जागी नॅव्हबॉलच्या वरच्या वेगाच्या आकड्यावर क्लिक करून टार्गेट मोड आणा. तिथे १६ मी/से च्या आसपास दिसेल. रेट्रोग्रेडकडे नाक करा आणि आकडा शून्यावर आणा. इंजिन तीन सेकंदच चालणार आहे, तेव्हा टेरियरचा थ्रस्ट लिमिटर आधीच १५-२० टक्क्यांवर ठेवा, नाहीतर शून्य ओलांडून पलीकडे जाल.

आरसीएस_काका

पात_बिंदू यांच्या एका गोष्टीला माझी हरकत आहे. शून्यावर आणा म्हणजे कुठे? अंतर १.५ किमी असताना पूर्ण थांबलात की पुन्हा निघावं लागतं, पुन्हा थांबावं लागतं. त्यापेक्षा वेग मोडायचा नाही, वळवायचा. टार्गेट मोडमध्ये पिवळी प्रोग्रेड खूण गुलाबी टार्गेटच्या खुणेवर बसवायची. प्रोग्रेड खूण नाकाकडे ओढली जाते, म्हणून नाक टार्गेटच्या थोडं पलीकडे धरा, प्रोग्रेड खुणेच्या विरुद्ध बाजूला. रेट्रोग्रेड खूण मात्र नाकापासून दूर ढकलली जाते, तेव्हा ब्रेक लावताना बाजू उलटते. इथेच सगळे गोंधळतात.

वेगाचा अंदाज: अंतराचा शंभरावा भाग. २ किमीवर २० मी/से, ५०० मीटरवर ५, १०० मीटरवर १. आणि खुणेवर ०.० किमी आलं म्हणून खूश होऊ नका. २००-३०० मीटर बाजूने जाणारी भेट चांगली. साधारण सव्वादोन किमीच्या आत आलं की स्टेशन पूर्ण लोड होतं, त्याचे सोलर पॅनल खरे असतात आणि मोडतात.

आता मोनोप्रोपेलंट. एमके१ पॉडमध्ये १० युनिट, एका युनिटचे ४ किलो, म्हणजे एकूण ४० किलो. आरव्ही-१०५ चा निर्वातातला आयएसपी (इंधनाची कार्यक्षमता) २४० सेकंद. १२ टनाला हे सगळं मिळून पावणेआठ मी/से. सरळ डॉकिंगला ३-४ पुरतात, पण चुकीला जागा उरत नाही. छोटी टाकी लावाच. शिवाय गळती कुठे होते ते बघा:

– आरसीएस चालू ठेवून नाक वळवणं. एसएएस (दिशा आपोआप धरणारी यंत्रणा) वळताना आणि स्थिर ठेवताना थ्रस्टर वापरतो, दोन्हीकडून फुसफुस करत बसतो. वळताना आर दाबून बंद, सरकतानाच चालू. पॉडचं स्वतःचं रिअ‍ॅक्शन व्हील १२ टनाला कमी पडतं, १.२५ मीटरचं एक वेगळं बसवा आणि बॅटरी वाढवा.

– ब्लॉकवर राइट क्लिक करून पिच, यॉ, रोल बंद करता येतात. मग थ्रस्टर फक्त सरकवण्यासाठी उरतात. माझ्या मते सर्वांत जास्त बचत इथेच होते.

– ब्लॉकची जागा. बाजूला सरकताना यान फिरत असेल तर ब्लॉक वस्तुमानकेंद्राच्या एका बाजूला आहेत. कारखान्यात टाक्या स्लायडरने रिकाम्या करून पिवळा गोळा (वस्तुमानकेंद्राची खूण) कुठे सरकतो ते पाहा. भरलेल्या टाकीचं केंद्र डॉकिंगच्या वेळेला उपयोगाचं नाही.

– कॅप्स लॉक दाबून सूक्ष्म नियंत्रण. पडद्यावर खाली डावीकडचे बाण निळे होतात.

बिनइंधन

कल ०.०, खुणेवर ०.३ किमी, शेवटी १८० मीटरवर थांबलो. मोनोप्रोपेलंट ६ युनिट शिल्लक. पहिले दोन प्रश्न सुटले, आभार.

आता पोर्ट समोरासमोर आणले, ०.२ मी/से ने टेकले, पण चिकटत नाहीत. उसळून मागे येतं. तीनदा केलं.

आरसीएस_काका

०.२ वेग ठीक आहे. या क्रमाने तपासा. दोन्ही पोर्ट एकाच मापाचे आहेत का? ज्युनियर, साधा आणि सीनियर एकमेकांना लागत नाहीत. आपल्या पोर्टवर राइट क्लिक करून 'इथून नियंत्रण' आणि समोरच्या पोर्टला टार्गेट केलं का? नुसतं स्टेशन टार्गेट असेल तर खूण स्टेशनचं केंद्र दाखवते, पोर्ट नव्हे. टेकल्यावर एसएएस बंद केला का? दोन्ही यानांचे एसएएस आपापली दिशा सोडत नाहीत आणि चुंबकाला सरळ करू देत नाहीत. आणि एकदा हुकल्यावर थेट पुन्हा दाबू नका, पाच-दहा मीटर मागे येऊन नव्याने या.

लंबवर्तुळ

त्यात एक भर. स्टेशनचं पोर्ट नॉर्मल दिशेला, म्हणजे उत्तरेला वळवून ठेवा आणि तुम्ही अँटीनॉर्मल धरून या. प्रोग्रेड दिशा फेरीबरोबर ३६०° फिरते, नॉर्मल फिरत नाही. त्यामुळे तुम्ही वीस मिनिटं लावलीत तरी पोर्ट समोरून हलत नाही.

आणि मध्ये थांबायला लाजू नका. इस्रोच्या स्पेडेक्सची दोन्ही यानं प्रत्येकी २२० किलोची, ३० डिसेंबर २०२४ ला श्रीहरिकोट्याहून गेली आणि १६ जानेवारी २०२५ ला जोडली गेली. मध्ये ५ किमी, १.५ किमी, ५००, २२५, १५ आणि ३ मीटर असे थांबे आखलेले होते. गेममध्ये १०० आणि २० मीटरवर थांबून बाजूचा वेग शून्य केला तरी पुरतं.

बिनइंधन

सापडलं. स्टेशनवरचं पोर्ट कारखान्यात उलटं बसवलं होतं. चुंबकाची बाजू आत, टाकीकडे. 🤦

पात_बिंदू

हाहा, ही यादीत पहिली हवी होती.

स्टेशन पाडू नका. १.११ पासून इंजिनीयर कर्बलला (गेममधला अंतराळवीर) बाहेर काढून बांधकाम करता येतं. पोर्ट ५० किलोचं आहे, कक्षेत ते सहज सुटतं, पलटून परत बसवायचं. स्टेशनवर इंजिनीयर नसेल तर न्यावा लागेल आणि एमके१ मध्ये जागा एकच. इंजिनीयर बसला की वैमानिकाचे एसएएस मोड जातात, तेव्हा यानात प्रोब कोर (यान चालवणारा संगणक; हेक्स, ऑक्टो२ वगैरे त्याची मॉडेलं) टाका. हेक्सने प्रोग्रेड-रेट्रोग्रेड मिळतं, भेटीपुरतं तेवढं चालतं. नॉर्मलसाठी ऑक्टो२ हवा, टार्गेट धरून ठेवायला हेक्स२.

बिनइंधन

हेक्स अनलॉक आहे, ऑक्टो२ नाही. मग नॉर्मल हाताने धरतो. डॉकिंग न करता ३० मीटरवर थांबून इंजिनीयर बाहेर पाठवला तर चालेल ना?

आरसीएस_काका

चालेल. सापेक्ष वेग ०.० करूनच पाठवा, आणि आधी एफ५ (गेम सेव्ह).