मदत हवी आहे : १९२३ सालचा जर्मनी आणि नोटेवरची शून्यं

नमस्कार मंडळी. अकरावीच्या मुलांना चलनवाढ शिकवताना १९२३चा जर्मनी सांगायचा आहे, पण आकड्यांपाशीच गाडी अडलीय.

माझ्याकडे तेव्हाची एक नोट आहे. मूळ छपाई एक हजार मार्कची, खाली १५ डिसेंबर १९२२ ही तारीख. त्यावरच लाल शाईत 'आइन मिलिआर्ड मार्क' असा शिक्का, म्हणजे शंभर कोटी! नवी नोट छापायलाही सवड नव्हती बहुधा.

जानेवारीत फ्रेंच-बेल्जियन फौजा जर्मनीच्या रूर या औद्योगिक पट्ट्यात घुसल्या. कामगारांनी असहकार पुकारला, त्यांचा पगार जर्मन सरकारने नोटा छापून भागवला. डॉलर तेव्हा १८ हजार मार्कच्या आसपास होता; नोव्हेंबरात ४.२ लाख कोटी. जर्मन लोक लाख कोटीला 'बिलिओन' म्हणतात, इंग्रजी बिलियनच्या हजारपट! इथे मीच दोनदा घसरलो. मुलांना 'लाख कोटी' सांगू की जुन्या मोजणीतलं 'महापद्म'? ऐकायला भारी वाटतं, पण कळेल का?

खरी अडचण पुढे आहे. १५ नोव्हेंबरला रेंटनमार्क हे नवं चलन आलं. एका रेंटनमार्कला लाख कोटी जुने मार्क. तारण म्हणून शेतजमीन आणि उद्योगांवर बोजा. पण नोट दाखवून कुणाला वावर थोडंच मिळणार होतं? मग लोकांनी विश्वास कशाच्या जोरावर ठेवला? छपाईवर घातलेली मर्यादा हेच खरं कारण असावं, असं मला वाटतं. अर्थशास्त्रवाल्यांनो, सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना हे कसं समजावाल? गुरुवारी तास आहे.