मुलासाठी आणलेली पुस्तकं मीच वाचून संपवतेय, अजून कोण आहे का असं?

हार्बरवाली_आई

लेक सहावीत, इंग्लिश मीडियम, मराठी पुस्तक समोर ठेवलं की जांभया. म्हणून लायब्ररीत त्याच्या नावाने खातं उघडलं आणि बालविभागातली पुस्तकं आणायला लागले. तो दोन पानं वाचतो आणि खाली क्रिकेटला पळतो, पुस्तक जातं माझ्या ऑफिसच्या बॅगेत. लोकलमध्ये सीट मिळाली की मी ते काढते, शेजारची बाई आधी मुखपृष्ठ बघते आणि मग माझे पांढरे केस. नवरा विचारतो यंदा स्कॉलरशिपला तू बसणार आहेस का.

सध्या तोत्तोचान हे जपानी पुस्तक चालू आहे. कॉलेजात वाचलं होतं, तेव्हा रेल्वेच्या डब्यातली शाळा वगैरे भारी वाटलेलं. आता पहिल्या काही पानांतच अडकले. पोरीला पहिलीतच शाळेतून काढलंय कारण ती डेस्कचं झाकण सारखं उघडबंद करते, खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना हाका मारते, आणि तिची आई तिला हे सांगतच नाही, नुसतं म्हणते चल नवीन शाळा बघू. सांगते कधी, तर मुलगी विशीत गेल्यावर! एवढी वर्षं पोटात ठेवलं बाईने. आमच्याकडे पीटीएमचा निकाल परतीच्या रिक्षातच जाहीर होतो. आणि नवीन शाळेत ते कोबायाशी सर पहिल्याच दिवशी चार तास तिची बडबड ऐकत बसतात. कॉलेजात असताना ही पानं मी बहुतेक नुसती उलटली असणार.

मोठ्यांच्या कादंबऱ्या हातात घेते आणि परत ठेवते, सध्या जमतच नाहीये. तुमच्यापैकी कोणाचं होतं का असं? आणि पुढे काय आणू?

सायकलस्वार

होतं म्हणजे काय, आमच्याकडे तर उघड चाललंय. फास्टर फेणेची पुस्तकं मुलीच्या वाढदिवसाला म्हणून घेतली, खरी कोणासाठी घेतली ते बायकोला दुकानातच कळलं होतं. भा. रा. भागवतांची वाक्यं काय पळतात हो, उगाच निसर्गवर्णन नाही, उपदेश नाही, सायकल, लफडं, ट्टॉक आणि गडी पुढे. रात्री तिला वाचून दाखवायला घेतो, ती झोपते आणि मी "पुढचं जरा बघून ठेवतो" म्हणून प्रकरण संपवतो, सकाळी तिच्या शिव्या खातो.

मुलीने विचारलं फास्टर फेणेचं गाव फुरसुंगी खरंच आहे का. म्हटलं आहे की, हडपसरच्या पुढे, आणि एका रविवारी घेऊनच गेलो. पुण्यात आता फुरसुंगी म्हटलं की लोकांना आधी कचरा डेपो आठवतो, ट्रॅफिक तर विचारूच नका, पण तिने रस्त्यावरच्या पाटीसोबत फोटो काढला आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकला. कोणालाच कळलं नाही काय आहे ते.

२०१७ चा सिनेमा पण बघा मुलासोबत. त्यात भागवतांच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर आहेत, म्हंजे बोक्या सातबंडेचा लेखक फास्टर फेणेच्या लेखकाचं काम करतोय. मुलांना ह्याचं काही नसतं, मी मात्र थेटरात एकटाच खुश.

दुपारची_वाचक

ताई, तुम्ही लिहिलंय ते अगदी पटलं. आठवी-नववीत शांता शेळक्यांचं चौघीजणी वाचून मी बेथसाठी ढसाढसा रडले होते आणि मला जो व्हायचं होतं, आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींना जो व्हायचं होतं. आता लेकीसाठी मूळ लिटल विमेन आणलं आणि सहज चाळायला घेतलं. धाकट्या बहिणीने, एमीने, जोचं हस्तलिखित जाळलेलं असतं, जो रागाने तिच्याकडे दुर्लक्ष करते, मग एमी बर्फातून खाली पाण्यात पडते आणि वाचते. त्या रात्री जो आईपाशी रडते की माझा राग मला आवरत नाही. तर आई म्हणते मलाही आयुष्यात जवळजवळ रोज राग येतो, चाळीस वर्षं तो आवरायला शिकतेय.

आई!! जी मला तेव्हा नुसती प्रेमळ, शांत, जरा बोअर बाई वाटली होती. १८६८ चं पुस्तक आहे हे. मी गॅस बंद करून ते पान परत वाचलं, भाजी तशीच अर्धी शिजलेली.

लेक म्हणते स्लो आहे आणि तिने सोडून दिलंय. असू दे.

कडक_चहा

जरा वेगळं बोलू का. तुम्ही सगळे ह्यात पालकत्व का शोधताय राव? आयांचं काय, सरांचं काय. मी फेलूदा ह्या गुप्तहेराच्या गोष्टी वाचतो (अशोक जैनांचे मराठी अनुवाद आहेत, रोहन प्रकाशन) ते निव्वळ मजा म्हणून. केस आहे, ट्रेनचा प्रवास आहे, सत्यजित राय आहेत, बास. राय हे सगळं मुलांसाठीच लिहीत होते, 'संदेश' मासिकात, जे त्यांच्या आजोबांनी १९१३ साली काढलं होतं, पण मुलं म्हणून भाषा बोबडी करायची हा प्रकार नाही. फेलूदा चारमिनार ओढतो. पोराने विचारलं हिरो सिगरेट कसा ओढतो, त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हटलं पुढे वाच.

पोराला फेलूदा व्हायचंय. मी बघतोय तर मी सरळसरळ त्याचा लेखक मित्र जटायू आहे, टक्कल, पोट आणि फाजील आत्मविश्वास.

आणि हो, आता कोणीतरी येऊन प्रकाश नारायण संतांचा लंपन आणि मिलिंद बोकीलांची शाळा सुचवेल. दोन्ही ग्रेट आहेत, पण ती मुलांबद्दलची पुस्तकं झाली, मुलांसाठीची नव्हेत. सहावीतल्या पोराला लंपनचं वनवास दिलंत तर तो मराठी कायमचं सोडेल.

दुपारची_वाचक

@कडक_चहा लंपनबद्दल असहमत. माझ्या भाच्याने नववीत वाचलं आणि सगळं घर "मॅडसारखं" बोलत होतं महिनाभर.

हार्बरवाली_आई

थँक्यू सगळ्यांना, चारमिनारला जाम हसले. फेलूदा लिहून घेतलंय. पण खरी अडचण अशी की मुलगा दोन वर्षांत तेरा-चौदाचा होईल, त्या वयासाठी मराठीत काय आहे? त्याच्या मित्राचा मोठा भाऊ नुसतं पर्सी जॅक्सन वाचतो.

जुना_किशोर

खरं सांगायचं तर त्या वयाला मराठीत खड्डाच आहे. लहानांसाठी माधुरी पुरंदरे आहेत, चित्रंही त्यांचीच, घरातला पसारा इतका खरा काढतात की मीच तासभर बघत बसतो. मोठ्यांसाठी ढीग आहेच. मधल्यांनी अनुवाद वाचावेत नाहीतर इंग्रजीकडे जावं, मग आपण म्हणायचं मुलं मराठी वाचत नाहीत.

तोवर एक करा. बालभारतीचं किशोर मासिक १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक त्यांनी स्कॅन करून फुकट ठेवलेत. सत्तरच्या दशकातले उघडा, चित्रं बघा नुसती. फक्त रात्री अकरानंतर उघडू नका, दुसऱ्या दिवशी ऑफिस असतं. जी. ए. कुलकर्णींचं बखर बिम्मची पण आणा, त्यांनी मुलांसाठीही लिहिलंय हे अर्ध्या लोकांना माहीतच नसतं. आणि लायब्ररीत बालविभागाच्या खात्यावर पुस्तकं दोनच मिळत असतील तर मुलीच्या नावाने अजून एक खातं काढा.

हार्बरवाली_आई

मुलगी नाहीये हो मला.

जुना_किशोर

मग स्वतःच्या नावाने मागून बघा. आमच्या इथे काउंटरवरच्या काकांनी वय न विचारता दिलं.